आगोटीचा भाव

केळशीचा इतिहास विचारला की तीन गोष्टी हटकून सांगितल्या जातात: महालक्ष्मीचे देऊळ, याकूबबाबांचा दर्गा आणि समुद्रकाठचा वाळूचा डोंगर. देवळाला जत्रा आहे, दर्ग्याला शिवकालीन इनामाची परंपरा आहे आणि डोंगर पाहायला अभ्यासक येऊन गेले आहेत. पण या गावात शंभर वर्षांत मीठ, तांदूळ, गूळ आणि रॉकेल कोणाला कोणत्या भावाने मिळत होते, हा इतिहास कोणीही लिहिलेला नाही. ज्यांच्या घरात कणगी भरलेली असते त्यांना भावाचा इतिहास लागत नाही. आमच्या वाडीला मात्र तेवढाच इतिहास होता. म्हणून तो मी लिहीत आहे.

अर्थशास्त्राची पुस्तके असे शिकवतात की वस्तूचा भाव मागणी आणि पुरवठा यांवर ठरतो. मी शिक्षक म्हणून हे वाक्य वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे बाजारात सगळे गिऱ्हाईक सारखे. कोकणातला कोणताही अस्पृश्य माणूस हे गृहीत धरू शकत नव्हता. त्याच्यासाठी भाव आणखी तीन गोष्टींवर ठरत असे. हातात रोकड कधी येते, घरात साठवायला जागा आहे का, आणि दुकानाच्या पायरीपासून किती अंतरावर उभे राहायचे.

कोकणात पावसाळ्यापूर्वीच्या खरेदीला आगोट म्हणतात. मृगाआधी चार महिन्यांचे मीठ, डाळ, मसाला, तेल, सुकी मासळी भरून ठेवायची. पूर्वी माल समुद्रातून यायचा. हर्णै, बाणकोट ही बंदरे पावसाळ्यात बंद होत आणि नारळी पौर्णिमेपर्यंत गलबत हलत नसे. त्यामुळे वैशाखात एक भाव आणि आषाढात दुसरा, हे ठरलेलेच. ज्याच्याजवळ वैशाखात पैसा, त्याने स्वस्तात घ्यायचे. ज्याच्याजवळ नाही, त्याने आषाढात तीच वस्तू महागात घ्यायची आणि तीही उधारीवर. उधारीचे व्याज वेगळे दिसत नसे, ते भावातच मुरलेले असे.

धान्याचीही तीच गत. पेरणीच्या वेळी तांदूळ महाग असताना खोताकडून भात उचलायचे आणि सुगीत भाव पडलेला असताना सवाईने किंवा दिढीने परत करायचे. म्हणजे भाव चढला तरी कूळ बुडणार, उतरला तरी कूळच बुडणार. चढउतार हा ज्याच्याकडे कोठार आहे त्याचा धंदा आणि ज्याच्याकडे फक्त पोट आहे त्याचा तोटा. बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी 1938 मध्ये कोकणातले शेतकरी हजारोंनी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्याचा अर्थ केवळ जमिनीपुरता नव्हता. खोत जमिनीचा धनी होता, तसा भावाचाही धनी होता. खोती कायद्याने गेली ती 1949च्या कायद्यानंतर.

हे बाबासाहेबांना नेमके दिसले यात नवल नाही. त्यांचे मूळ गाव आंबडवे आमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातले. लहानपणी काही काळ ते दापोलीत राहिले. दापोलीच्या छावणीत पेन्शनर महार सैनिकांची वस्ती होती. 1888 साली 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर त्यांच्यातलेच. या पेन्शनरांच्या हातात दरमहा रोकड येत होती. बलुत्याच्या शिळ्या भाकरीवर जगणाऱ्या समाजात नियमित रोकड मिळवणारी ही पहिली पिढी. बंडाची भाषाही तिथूनच सुरू झाली, हा योगायोग मी मानत नाही. ज्याला धान्य मागावे लागत नाही, विकत घेता येते, त्याची मान वेगळी असते. 1890च्या दशकात लष्कराने महारांची भरती बंद केली, तेव्हा नुसती नोकरी गेली नाही, ही रोकडही गेली.

पुढे 1923 साली बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला. आपले कार्यकर्ते त्याचे नाव घेतात, पण तो नाणेशास्त्राचा अवघड ग्रंथ म्हणून बाजूला ठेवतात. त्यातला एक मुद्दा आमच्या वाडीतल्या कोणत्याही बाईला समजला असता. रुपया सोन्याच्या किंवा पौंडाच्या हिशोबात स्थिर ठेवून भागत नाही, बाजारात त्याने जेवढा माल मिळतो ते प्रमाण स्थिर राहिले पाहिजे, हा तो मुद्दा. भाव चढतात तेव्हा मजुरी त्यांच्या मागे रखडत येते आणि मधल्या काळातला नफा व्यापाऱ्याच्या खिशात जातो, हेही त्यांनी दाखवले. महागाई म्हणजे मजुराच्या ताटातून न विचारता काढलेला घास. हे सांगायला लंडनची पदवी लागत नाही, पण सरकारला ऐकवायला ती लागली.

आता अंतराचा प्रश्न. दुकानात आम्ही माल हाताळू शकत नव्हतो. पैसे खाली ठेवायचे, पुडी वरून टाकली जायची. याला आपण अस्पृश्यता म्हणतो आणि मानहानीच्या सदरात घालतो. ती मानहानी होतीच, पण तिचा जमाखर्चही होता. जो तांदूळ मुठीत घेऊन पाहू शकत नाही, तो खडे आहेत म्हणून घासाघीस कशी करणार? जो तराजूजवळ जाऊ शकत नाही, तो मापात मारले असे कसे म्हणणार? स्पर्शबंदी ही व्यापाऱ्याला मिळालेली फुकटची सवलत होती. आणि आम्ही डोके वर काढले की दुकानच बंद. 1930च्या स्टार्ट समितीच्या अहवालात, जिचे बाबासाहेब सभासद होते, सामाजिक बहिष्काराच्या हत्याराचे वर्णन आहे. त्यात दुकानदारांनी जिन्नस विकणे बंद करणे हा प्रकार नोंदलेला आहे. बहिष्कारात वस्तूला भावच उरत नाही, पैसे असूनही ती मिळत नाही. म्हणूनच घटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी-तलावांबरोबर 'दुकाने' हा शब्द आला आणि 1955च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यातही दुकानप्रवेश आला. हा शब्द तिथे का आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे.

या इतिहासात पहिला छेद दिला तो रेशनने. 1942 साली ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तिकडचा तांदूळ बंद झाला. मुंबईत मे 1943 मध्ये रेशनिंग सुरू झाले. पुढे रास्त भावाचे दुकान खेड्यांपर्यंत पोचले. या दुकानाबद्दल तक्रारी करायला हव्यात तेवढ्या कमीच. पण इतिहासात त्याची जागा मोठी आहे. सरकारने ठरवलेला, सगळ्या जातींना एकच, फलकावर लिहिलेला भाव आमच्या लोकांनी पहिल्यांदा तिथे पाहिला.

तो फलक मी स्वतः वाचला आहे. 1967चा जून असावा, मी दहा वर्षांचा होतो. माझ्या आजीला आम्ही बय म्हणत असू. गावात रेशन आणि किराणा दोन्ही एकाच दुकानदाराकडे होते. बय माझ्या कानाशी म्हणाली, "बाला, त्यावर साखरेचा भाव काय लिवलाय तो वाच." मी मोठ्याने वाचला. तिच्याकडून घेतलेल्या पैशांत आणि फलकात काही पैशांचा फरक होता. बय म्हणाली, "शेट, पोरगा तर येगळाच भाव वाचतोय." शेटने फरक परत केला. मग शांतपणे म्हणाला, "नातू शाळेत जातो वाटतं गं तुझा. बरं झालं. आता हिशोबही तोच करील. मागली बाकी चुकती कर, मग पुढलं बघू."

रेशनचा भाव कायद्याने बांधलेला होता, पण उधारीचे खाते शेटच्या मर्जीवर होते. त्या पावसाळ्यात आमचे खाते बंद झाले. वडिलांची मनिऑर्डर मुंबईहून येईपर्यंत बयने टाकळा-भारंगीच्या भाजीवर आणि नाचणीच्या पेजेवर दिवस काढले. तिने मला बोल लावला नाही. पण त्यानंतर काही दिवस तिने मला दुकानात नेले नाही, हे मी विसरलेलो नाही. हक्क आणि उधारी एकाच माणसाच्या हातात असतील तर हक्क वाचता येतो, वापरता येत नाही. हा धडा मला कोणत्याही पुस्तकाआधी मिळाला.

वडील मे महिन्यात रजेवर येत. एकदा त्यांनी मुंबईहून झटपट कॉफीची एक लहान बाटली आणली होती. साहेबाच्या घरी पाहिली, म्हणून हौसेने घेतलेली. बयने भाव विचारला, घोट घेतला आणि म्हणाली, "एवढ्या पैशात आठवड्याचा गूळ आला असता." बाटली पुढे कितीतरी वर्षे मिठासाठी वापरात होती. आमच्या घरातली कॉफीची एवढीच परंपरा.

1972चा दुष्काळ आणि त्यानंतरची महागाई या पिढीला सांगून पटत नाही. 1974 साली घाऊक किमतींची वाढ 25 टक्क्यांच्या आसपास गेली होती. रेशनवर परदेशी तांबडी मिलो येत होती. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरोधी आघाडी उभारली आणि बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्याच 1972 साली दलित पँथरही उभी राहिली. लाटणे मोर्चाविषयी मला आदर आहे. पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे. आमच्या घरात लाटणेच नव्हते. तांदळाची, नाचणीची भाकरी हातावर थापली जाते. गव्हाची पोळी सणालाही होत नसे. महागाई सगळ्यांना चावते, पण सगळ्यांच्या एकाच जागी चावत नाही. कोणाची साखर कमी होते, कोणाची पोरगी शाळेतून काढली जाते. दोन्हीला 'महागाईची झळ' हा एकच शब्द वापरणे अन्यायाचे आहे.

आता चित्र बदलले आहे. 1990 पासून बांधीव मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये किलो झाला आणि जानेवारी 2023 पासून त्या कायद्याखालचे धान्य मोफत आहे. माझा मुलगा मुंबईला असतो. त्याच्याबरोबर मी मोठ्या सुपरमार्केटात जातो. वस्तू आपल्या हाताने उचलायची, उलटसुलट पाहायची, नको तर परत ठेवायची, कोणी जात विचारत नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी एक तांदळाची पिशवी उगाचच बराच वेळ हातात धरून उभा होतो. मुलाला कारण कळले नाही. बरेच झाले.

पण भाव? झटपट कॉफीचीच गोष्ट घ्या. ब्राझील आणि व्हिएतनाममधल्या दुष्काळामुळे फेब्रुवारी 2025 मध्ये जागतिक बाजारात अरेबिका कॉफी पौंडाला 4 डॉलरच्या वर गेली. 22 सप्टेंबर 2025 पासून आपल्याकडे झटपट कॉफीवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. एका कारणाने भाव चढला, दुसऱ्याने उतरायला हवा. हा चढउतार कोणाच्या वाट्याला कसा येतो? सुपरमार्केटात मोठी बाटली कधी छापील किमतीला मिळते, कधी बरीच खाली, कधी एकावर एक फुकट. ज्याच्याकडे रोकड आणि फडताळ आहे तो उताराची वाट पाहतो आणि तीन महिन्यांची भरून ठेवतो. केळशीतल्या वाडीवर तीच कॉफी दोन रुपयांच्या पुडीत येते. पुडीवर सवलत नाही. माल महागला तरी पुडी दोन रुपयांचीच राहू शकते, आतले ग्रॅम कमी होतात. दहा ग्रॅमपर्यंतच्या पुड्यांना वेष्टनाच्या नियमांतून सूटही आहे. म्हणजे जी पुडी गरीब घेतो, तिच्याकडेच कायद्याचे डोळे कमी. आणि ज्या कोडगू-चिकमगळूरच्या मळ्यांत ही कॉफी पिकते, तिथले कितीतरी मजूर दलित-आदिवासी आहेत. जागतिक भाव चढला म्हणून त्यांची मजुरी त्याच महिन्यात चढत नाही. मजुरीचे हे रखडणे 1923 सालीच लिहून ठेवलेले आहे.

हीच ती आगोट. फरक इतकाच की आता बंदर पावसाळ्यात बंद होत नाही, ते बारमाही काहींना उघडे आणि काहींना बंद असते.

यावर मी एक छोटे काम सुचवतो. प्रत्येक वाडीत जुनी वही, रेशनकार्ड, मनिऑर्डरीच्या पावत्या अजून पेटीच्या तळाशी आहेत. विद्यार्थ्यांनी त्या उतरून घ्याव्यात. आपल्या आज्यांना मिठाचा भाव विचारावा, आणि तो देताना दुकानदार काय म्हणत असे तेही विचारावे. आजच्या पुड्यांचे वजन आणि किंमत दर महिन्याला लिहून ग्रामसभेत वाचावी. रेशन दुकानाचा फलक मोठ्याने वाचावा, मात्र एकट्या पोराने नव्हे, दहा जणांनी मिळून. एकट्याचे खाते बंद करता येते, दहा जणांचे करताना शेटही विचार करतो.

शेवटी माझ्याबद्दल. गेल्या मे महिन्यात मी मुंबईहून केळशीला येताना सवलतीतल्या कॉफीच्या दोन मोठ्या बाटल्या घेऊन आलो. शेजारची बाई पाहुणा आला म्हणून दुकानातून दोन पुड्या घेऊन जात होती. रात्री मी ग्रॅमचा हिशोब मांडला. माझ्यापेक्षा तिला कॉफी महाग पडली होती. माझी आगोट आता भरते. तिची भरत नाही, आणि तिच्या दारावरूनच मी घरी आलो होतो.