डार्विन, भूकंप आणि उचललेलें बेट

चार्लस् डार्विन हें नांव उच्चारतांच आपणांस उत्क्रांतिवाद आठवतो. परंतु १८३१ ते १८३६ या काळांतील 'बीगल' जहाजाच्या प्रवासांत त्याचें मन विशेषेंकरून भूगर्भशास्त्रांत रमलें होतें. त्याच्या त्या कार्याचा एक भाग आजच्या शास्त्रानें पुन्हां तपासला आहे.

२० फेब्रुवारी १८३५ रोजीं दक्षिण अमेरिकेंतील चिली देश भूकंपानें हादरला. डार्विन त्या वेळीं वाल्दीव्हिया येथील रानांत विसांवा घेत पडला होता. पुढें तो कॉन्सेप्सियॉन येथें पोंचला, तों शहराचे ढिगारे झालेले! तेथील उपसागराचा कांठ दोन-तीन फूट वर आला होता. कप्तान फिट्झरॉय यानें जवळच्या सांता मारिया बेटावर मोजणी केली. खडकांना चिकटून मेलेले शिंपले भरतीच्या रेषेहून १० फुटांपर्यंत वर आढळले.

वालपारायसो येथें १३०० फूट उंचीवरहि सागरी शिंपले मिळाले होते. यावरून डार्विननें अनुमान केलें कीं, अँडीज पर्वत एकाएकीं उभा राहिला नसून अशा लहान लहान उचलींनीं चढत गेला. याचें मूळ त्यानें भूपृष्ठाखालील वितळलेल्या खडकांत शोधलें, आणि १८३८ सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळापुढें तो विचार मांडला.

२७ फेब्रुवारी २०१० रोजीं त्याच प्रदेशांत ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि तेंच बेट पुन्हां पांच-सहा फूट उचललें गेलें. शास्त्रज्ञांनीं फिट्झरॉयचे आंकडे ताडून पाहिले, तेव्हां असें दिसलें कीं, मधल्या १७५ वर्षांत बेट हळूहळू खचत होतें. सागरतळाचें एक प्रचंड कवच येथें भूखंडाखालीं सरकत असतें. तें अडकून राहतें तेव्हां किनारा खालीं ओढला जातो, आणि सुटतें तेव्हां उसळून वर येतो. त्या उचलीचा थोडाच अंश कायमचा टिकतो.

म्हणजे डार्विननें जमेची बाजू पाहिली. खर्चाची त्याला दिसूं शकली नाहीं. त्यानें सांगितलेलें कारणहि आज मान्य नाहीं. तथापि भूमि टप्प्याटप्प्यानें वर चढते, हें त्याचें मुख्य म्हणणें टिकलें. फिट्झरॉयनें मोजमाप न घेतां 'बेट बरेंच उचललें' एवढेंच लिहून ठेवलें असतें, तर २०१० ची उचल कशाशीं ताडून पाहिली असती?