सोंगाड्या : फडापासून पडद्यापर्यंत

पूर्व खानदेशात विनोदी नट ही कल्पना चित्रपटाच्या कितीतरी आधी तमाशाच्या फडाने, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या व्यावसायिक कलापथकाने, रुजवली होती. गण, गौळण, बतावणी आणि वग या क्रमाने रंगणाऱ्या खेळात कृष्णाचा सवंगडी पेंद्या, बतावणीतला हजरजबाबी गडी आणि वगातल्या राजाचा शिपाई ही सारी कामे बहुधा एकच सोंगाड्या करी. त्यांतही बतावणी, म्हणजे लिखित संहितेवाचून रंगणारा विनोदी संवाद, ही त्याची खरी कसोटी, कारण समोरच्या यात्रेकरूंची बोली, पीकपाणी आणि गावातले ताजे प्रकरण जागच्या जागी गुंफल्याशिवाय हशा पिकत नसे. मुख्यतः दलित समाजातील कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या या कसबाचे ऋण मराठी चित्रपटाने पुरेसे मानलेले नाही, हे येथे स्पष्ट नोंदवले पाहिजे.

वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) या लोकनाट्यातून दादा कोंडके यांनी हीच रीत शहरी रंगभूमीवर गाजवली आणि १९७१ च्या ‘सोंगाड्या’मध्ये, तमाशाच्या नादी लागलेल्या भोळ्या नाम्याच्या रूपाने, ती पडद्यावर आणली. कॅमेऱ्यापुढे प्रेक्षकांचा तत्काळ प्रतिसाद नसल्याने फडातला उत्स्फूर्त जबाब तेथे आधीच बांधलेल्या द्व्यर्थी संवादाच्या रूपाने आला. खानदेशातील फड मात्र यात्रांच्या हंगामात कनाती लावून रात्रभर खेळ करीतच राहिले, आणि त्यांतल्या फारच थोड्या सोंगाड्यांची नावे छापील इतिहासात आली.