चौकटीबाहेरचे चेहरे

‘गोरी, सडपातळ, नाकी-डोळी नीटस’ ही वधूवरसूचक जाहिरातींची शब्दावली पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. या वर्णनात न बसणाऱ्या मुलीसाठी मराठीत ‘सावळी पण तरतरीत’, ‘रूपाने बेताची पण गुणी’ अशी विशेषणे राखून ठेवलेली असतात. त्यातील ‘पण’ हा शब्द फार काही सांगून जातो. नाक, भुवया किंवा रंग यांपैकी काहीतरी ‘चुकलेले’ असूनही आपल्या काळातील सर्वांत लक्षात राहणारे चेहरे ठरलेल्या काही स्त्रिया कलेच्या क्षेत्रात होऊन गेल्या. या चेहऱ्यांनी त्यांना जे मिळवून दिले, त्याची किंमतही वसूल केली.

सौंदर्याचा विषय निघाला की पहिले नाव क्लिओपात्राचे घेतले जाते. मात्र तिच्या काळातील नाण्यांवर दिसतो तो बाकदार नाकाचा आणि ठसठशीत हनुवटीचा चेहरा. तिच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी तिच्याविषयी लिहिणाऱ्या प्लुटार्कनेही तिचे रूप अतुलनीय नव्हते, तिच्या सहवासात आणि संभाषणात मोहिनी होती, असेच म्हटले आहे. चित्रपटांनी पुढे तिला जे रूप दिले ते त्या-त्या काळातील प्रेक्षकांच्या आवडीचे होते.

नाकाचाच प्रश्न विसाव्या शतकात अमेरिकेतील दोन ज्यू कलावतींपुढे उभा राहिला आणि दोघींनी त्याची उत्तरे अगदी वेगळी दिली. त्यांपैकी पहिली फॅनी ब्राइस. १८९१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली ही विनोदी गायिका-अभिनेत्री ‘झिगफेल्ड फॉलीज’ या भपकेबाज रंगमंचीय कार्यक्रमाची तारका होती. तिचे मोठे नाक आणि चेहऱ्याचे हावभाव हेच तिच्या विनोदाचे भांडवल. परंतु तिला गंभीर भूमिका करायच्या होत्या. १९२३ मध्ये, कीर्तीच्या ऐन भरात असताना, तिने शस्त्रक्रियेने नाक बदलून घेतले. ती बातमी वृत्तपत्रांत गाजली, टवाळीही झाली. गंभीर अभिनेत्री म्हणून मात्र तिचा जम बसला नाही. तिचे पुढचे सर्वांत मोठे यश होते ‘बेबी स्नूक्स’ या खोडकर मुलीची भूमिका, आणि तीही रेडिओवर! जिथे नाक कोणाला दिसणारच नव्हते, तिथे तिने अखेरपर्यंत श्रोत्यांना हसवले. १९५१ मध्ये तिचे निधन झाले.

याच फॅनी ब्राइसच्या जीवनावरील ‘फनी गर्ल’ हे संगीत नाटक १९६४ मध्ये ब्रॉडवेवर आले आणि तिची भूमिका करायला मिळाली ती ब्रुकलिनच्या बार्बरा स्ट्रायसँडला. १९४२ मध्ये जन्मलेल्या बार्बराचे नाकही लांब आणि बाकदार. नाइट क्लबमध्ये गाण्यास सुरुवात केली तेव्हापासून तिला ते नीट करून घेण्याचे सल्ले मिळत होते. तिने नकार दिला. त्यामागे स्वाभिमान होता, तशी शस्त्रक्रियेची भीतीही होती, आणि नाकाची ठेवण बदलली तर आवाज बदलेल ही गायिकेला साजेशी काळजीही होती. १९६८ च्या ‘फनी गर्ल’ चित्रपटासाठी तिला ऑस्कर मिळाले. १९६९ च्या त्या समारंभात ते कॅथरिन हेपबर्नसोबत विभागून देण्यात आले. नाक बदललेल्या स्त्रीची भूमिका नाक न बदललेल्या स्त्रीने गाजवावी, हा योग लक्षणीय म्हणावा लागेल.

पुढे १९७३ च्या ‘द वे वुई वेअर’ मध्ये तिचा नायक होता रॉबर्ट रेडफर्ड, म्हणजे हॉलिवूडच्या रूढ देखणेपणाचा मेरुमणी. तिने आपल्या नाकाचा उल्लेख टाळला नाही, पण त्याबाबत ती बेफिकीरही नव्हती. आपले चित्रण डाव्या बाजूने व्हावे हा तिचा आग्रह चित्रपटसृष्टीत प्रसिद्ध आहे. स्वतःच्या चेहऱ्यावर कॅमेरा कुठून रोखला जावा हे ठरवण्याचा अधिकार तिला हवा होता. हा आग्रह वाढत जाऊन तिने दिग्दर्शन आणि निर्मितीही हाती घेतली. १९८३ च्या ‘येंटल’ ची ती दिग्दर्शक, निर्माती, सहलेखिका आणि नायिकाही होती. ‘हट्टी’ आणि ‘त्रासदायक’ ही विशेषणे तिला आयुष्यभर चिकटली. तोच हट्ट पुरुष दिग्दर्शकाच्या बाबतीत शिस्तीत मोडला असता.

मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो याही पुढे गेली. तिच्या भुवया कपाळाच्या मध्यभागी जुळलेल्या होत्या आणि ओठांवर लव होती. १९०७ मध्ये जन्मलेल्या फ्रिडाला सहाव्या वर्षी पोलिओ झाला, एक पाय बारीक राहिला. १९२५ मध्ये बसच्या भीषण अपघातात तिचा कणा, कंबर आणि पाय मोडले. अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत तिच्या पलंगावर आरसा बसवण्यात आला आणि ती स्वतःला रंगवू लागली. तिच्या सुमारे १४३ चित्रांपैकी ५५ आत्मचित्रे आहेत. त्यांत जुळलेल्या भुवया आणि ओठांवरची लव ती सौम्य करीत नाही, उलट गडद करते. १९३९ मध्ये दिएगो रिव्हेराशी घटस्फोट झाल्यानंतर काढलेल्या एका चित्रात तर ती पुरुषी सूट घालून, केस कापून बसलेली आहे.

हे सारे उत्स्फूर्त होते असा समज बराच काळ होता. तिच्या मृत्यूनंतर निळ्या घरातील तिच्या खासगी वस्तू सुमारे पन्नास वर्षे बंद राहिल्या. २००४ मध्ये त्या बाहेर आल्या आणि २०१८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मांडल्या गेल्या. त्यांत भुवया गडद करण्याची पेन्सिलही होती. म्हणजे ज्याला लोक उणीव म्हणत होते त्यावर ती रोज सकाळी मेहनत घेत होती. लांब घेरदार तेहुआना पोशाखामागे पोलिओचा पाय झाकण्याचाही हेतू होता. काय दाखवायचे आणि काय झाकायचे हे तिने ठरवले होते. त्याच २०१८ मध्ये एका बड्या कंपनीने फ्रिडाची बार्बी बाहुली बाजारात आणली. तिच्या भुवया जुळलेल्या नाहीत, डोळ्यांचा रंग फिका आहे, अशी तक्रार तिच्या नातेवाइकांनी केली आणि मेक्सिकोतील न्यायालयाने तेथील विक्रीवर तात्पुरती मनाई आणली.

नाक कापून घेता येते, भुवया रंगवता येतात. त्वचेच्या रंगाचा प्रश्न अधिक चिवट, आणि भारतात तर सर्वांत जुना. मराठी वाचकाला इथे साहजिकच स्मिता पाटील आठवते. १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात जन्मलेली स्मिता ही राजकारणी शिवाजीराव पाटील आणि समाजकार्यकर्त्या विद्याताई यांची मुलगी. सावळा रंग, मोठे तेजस्वी डोळे आणि स्थिर नजर घेऊन ती मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देऊ लागली. दूरदर्शन तेव्हा कृष्णधवल होते. पडद्यावर गोऱ्या-सावळ्याचा भेद करड्या छटांत विरून जाई आणि उरत ते डोळे व आवाज. श्याम बेनेगल यांनी तिला चित्रपटात आणले. १९७५ मध्ये तिचा ‘निशांत’ आला. भारतात गोरेपणाचे ‘फेअर अँड लव्हली’ क्रीम बाजारात आले तेही याच वर्षी.

समांतर चित्रपटाने तिच्या रंगाला प्रतिष्ठा दिली, यात शंका नाही. ‘मंथन’, ‘भूमिका’, ‘जैत रे जैत’, ‘सद्गती’, ‘चक्र’ ही नावेच पुरेशी आहेत. हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावर आधारलेल्या ‘भूमिका’ साठी आणि जयवंत दळवींच्या कादंबरीवरील ‘चक्र’ साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मात्र या यादीकडे पुन्हा पाहिले की वेगळी गोष्ट जाणवते. ‘मंथन’ मध्ये ती गुजरातच्या खेड्यातील दलित स्त्री आहे, ‘जैत रे जैत’ मध्ये आदिवासी, ‘सद्गती’ मध्ये चर्मकाराची पत्नी, ‘चक्र’ मध्ये मुंबईच्या झोपडपट्टीतील बाई. सावळा चेहरा पडद्यावर आला तो बहुतेक वेळा गरिबीचे आणि शोषणाचे वास्तव घेऊन. मंत्र्याच्या घरात वाढलेल्या, शहरी, सुशिक्षित मुलीला तिच्या स्वतःच्या वर्गातील स्त्री साकारण्याची संधी तुलनेने कमी मिळाली. म्हणूनच जब्बार पटेल यांचा १९८२ चा ‘उंबरठा’ महत्त्वाचा ठरतो. त्यातील सुलभा महाजन सुखवस्तू घरातील आहे, सुधारगृहाची अधीक्षक आहे, आणि तिच्या रंगावर पटकथेला काही भाष्य करावेसे वाटत नाही.

‘चक्र’ ने आणखी एक बाजू दाखवली. वस्तीत उघड्यावर अंघोळ करणाऱ्या स्त्रीचे चित्रपटातील दृश्य जाहिरातीच्या फलकांवर झळकवण्यात आले. कथेत जे दैन्य होते ते रस्त्यावर आमिष बनले. स्मिताने याबद्दल नाराजी बोलून दाखवली होती. पुढे ‘नमक हलाल’, ‘शक्ती’ सारख्या व्यावसायिक चित्रपटांतही तिने कामे केली. तिथे मात्र तिचे निराळेपण झाकण्याकडेच कल राहिला. १३ डिसेंबर १९८६ रोजी, मुलाच्या जन्मानंतर अवघ्या पंधरवड्यात, एकतिसाव्या वर्षी तिचे निधन झाले. केतन मेहता यांचा ‘मिर्च मसाला’ १९८७ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा सोनबाईचा तो ताठ मानेचा चेहरा पाहायला ती नव्हती.

तिच्यानंतरच्या पिढीतील नंदिता दास यांनी हाच अनुभव जाहीरपणे मांडला आहे: ग्रामीण किंवा कष्टकरी स्त्रीची भूमिका असेल तर त्यांचा रंग योग्य ठरतो, सुशिक्षित, उच्चवर्गीय स्त्री साकारायची असेल तर रंग थोडा उजळ करावा असे सुचवले जाते. २०१३ पासून त्या सावळेपणाच्या सन्मानासाठी चाललेल्या मोहिमेचा चेहरा होत्या. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ च्या नावातील ‘फेअर’ हा शब्द काढून तिथे ‘ग्लो’ घालण्यात आला. क्रीमची विक्री सुरूच राहिली.