वरातीतला उजेड आणि तिसरी पिन

सोलापूरच्या रस्त्यांवरून वराती आधी गॅसबत्त्यांच्या उजेडात निघत. रॉकेलची टाकी, हवा भरायचा पंप, जाळीचा मेंटल आणि हे सगळे डोक्यावर पेलणारी माणसे. पुढे हातगाडीवर जनरेटर आला आणि त्याच डोक्यांवर विजेचे दिवे चढले. एक दिवा दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला आणि शेवटचा गाडीला, अशी वायरींची साखळी वरातीबरोबर चालू लागली. गॅसबत्ती भडकली तर वाहणाऱ्याला लगेच कळायचे. वायरीचे वेष्टण कुठे सोलले आहे, हे मात्र त्याला दिसत नव्हते. उजेडाच्या या बदलात सर्वांत मोठा धोका सर्वांत कमी मजुरीच्या माणसाच्या डोक्यावर गेला, याची नोंद व्हायला हवी.

घराघरात जनरेटर शिरायला वेगळे कारण होते. 1877 साली मोरारजी गोकुळदासांच्या पुढाकाराने उभी राहिलेली जुनी गिरणी आणि मागून आलेली लक्ष्मी-विष्णू या गिरण्यांत यंत्रे सांभाळायला पगारी माणसे असत. गिरण्या बंद पडल्या, चादरी-टॉवेलचा धंदा यंत्रमागांच्या लहान शेडमध्ये एकवटला. 2005 नंतरच्या काही वर्षांत राज्यभर भारनियमनाने कहर केला. लाईट गेली की माग थांबे आणि मागावरच्या माणसाची मजुरी बुडे. दुकानांत, दवाखान्यांत, मंगल कार्यालयांत पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे छोटे जनरेटर दिसू लागले.

जनरेटर आला, पण अर्थिंग त्याच्याबरोबर आले नाही.

यंत्राच्या तोंडावर तीन भोकांचे सॉकेट असते. त्यात बसणाऱ्या प्लगची वरची जाड, लांब पिन अर्थिंगची. ती आधी आत शिरते आणि शेवटी बाहेर येते. प्लग बसत नाही म्हणून हीच पिन मोडली जाते. कित्येकदा तर प्लगच नसतो: दोन उघड्या वायरी सॉकेटात खुपसून वर काडेपेटीच्या काड्या ठोकल्या जातात. लहान जनरेटरचे न्यूट्रल बहुधा जमिनीशी जोडलेले नसते. त्यामुळे एखादी वायर गाडीच्या पत्र्याला चिकटली तरी लगेच झटका बसत नाही आणि ‘याचा शॉक लागत नाही’ असा समज होतो. मग दुसऱ्या वायरीचा कुठे ओल्या लोखंडाशी संबंध आला, की तीच गाडी जीवघेणी ठरते. शरीरातून 30 मिलिअँपिअर प्रवाह गेला तरी जीव धोक्यात येतो. साधा बल्ब त्याहून अधिक घेतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरे घरच्या सॉकेटात. मेन स्विच बंद करायचा राहिला, तर ही वीज मीटरमधून उलटी डीपीकडे धावते आणि ट्रान्सफॉर्मर तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढवतो. लाईन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा यात बळी जाऊ शकतो. चेंजओव्हर स्विच असला की दोन्ही वीज एकमेकींना भेटतच नाहीत.

सोलापूरच्या हवेनेही या धोक्यात भर घातली. कोळसा आणि मीठ घालून पुरलेली अर्थिंगची प्लेट ओलाव्यावर काम करते. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, खड्ड्यात कोणी पाणी ओतत नाही, आणि नेमकी तेव्हाच विजेची मागणी वाढते. 2010 च्या केंद्रीय सुरक्षा विनियमांनी गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण सक्तीचे केले, पण 5 किलोवॉटवरच्या जोडण्यांना. वरातीची गाडी आणि दुकानातले छोटे यंत्र त्याखालीच राहिले. माझ्या मते ही फट मोठी होती.

31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे ग्रीड उर्वरित देशाशी जोडले गेले. पुढे एनटीपीसीचा 1320 मेगावॉटचा प्रकल्प जिल्ह्यातच उभा राहिला. भारनियमन ओसरले, पण सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत, मांडवात आणि मिरवणुकीत जनरेटर अजून आहेच.

गणपती विसर्जनाची मिरवणूक बहुधा सप्टेंबरात येते आणि सोलापुरात सर्वाधिक पाऊस त्याच महिन्यात पडतो. मंडळांनी वर्गणीतून आधी एका जाणत्या वायरमनचे पैसे बाजूला काढावेत. जनरेटरचे न्यूट्रल, सांगाडा आणि अर्थिंग यांची जोडणी त्याच्याकडून तपासून घ्यावी, गळती ओळखून वीज तोडणारे 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवून घ्यावे, आणि मोडक्या पिनेचा एकही प्लग गाडीवर चढू देऊ नये.