केस, कॉस्टिक सोडा आणि माल्कम एक्स

गेल्या वर्षी नववीतली एक मुलगी अचानक वर्गात डोक्यावरची ओढणी काढेनाशी झाली. आमच्या शाळेत निम्म्या मुली ओढणी घेतात, त्यात नवल काही नाही. पण ही आधी घेत नव्हती. तिच्या अम्मीला बोलावलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, पोरं तिला हबशन म्हणतात. केस बघा ना तिचे. पार्लरवाली सरळ करून देते म्हणते. तुम्हीच सांगा, करून टाकू का?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. माझे स्वतःचे केस कुरळे आहेत. निकाहच्या पंधरा दिवस आधी मी ते पार्लरमध्ये बसून सरळ करून घेतले होते. औषधाच्या वासानं डोळ्यांतून पाणी येत होतं आणि फुफ्फी शेजारी बसून कौतुकानं म्हणाली होती, "आता कशी माणसांत आलीस." चार-पाच महिन्यांनी मुळाशी कुरळे केस परत आले. वर कुरळे, खाली सरळ. आरशात बघताना दोन बायकांचं एक डोकं वाटायचं. फुफ्फीचं ते वाक्य मात्र अजून डोक्यातून गेलेलं नाही.

आणि 'हबशन' हा शब्द. शिवी म्हणून. ज्या शहरात आम्ही राहतो त्याचा पाया खडकी या नावानं १६१० साली मलिक अंबरनं घातला. तो इथियोपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी होता. त्याच्या नहरीचं पाणी या शहरानं पिढ्यान्‌पिढ्या प्यायलं. आमच्या घराघरांत बिलाल नावाची मुलं आहेत, आणि हजरत बिलाल (रजि.) हबशी होते हे त्या मुलांना पाठ आहे. तरी वर्गात कुरळ्या केसांच्या मुलीला चिडवायला आमच्या पोरांना हाच शब्द सापडतो. हे मला लागलं, म्हणून मी वाचायला बसले. वाचत वाचत अमेरिकेत पोचले, कारण केसांवरून माणसाला खाली पाडण्याचा सगळ्यात लांब आणि सगळ्यात नीट नोंदलेला इतिहास तिथल्या काळ्या लोकांचा आहे.

आधीच सांगते, माझ्या पार्लरची आणि त्यांच्या शतकांची बरोबरी मी करत नाही. मला हौस होती. त्यांच्यापुढे नोकरी, शाळा, कोर्ट आणि पोलीस होते.

सुरुवात १७८६ पासून करू. लुइझियाना तेव्हा स्पेनच्या ताब्यात होतं. न्यू ऑर्लिन्समधल्या स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, काळ्या आणि मिश्रवंशीय बायका केसांत पिसं, दागिने घालून सुंदर रचना करत. त्या गोऱ्या बायकांच्या बरोबरीच्या दिसू लागल्या, हीच अडचण झाली. गव्हर्नर एस्तेबान मिरो यानं फर्मान काढलं की या बायकांनी केस रुमालाखाली झाकावेत. या रुमालाला तिथे 'टिन्यों' म्हणत. बायकांनी हुकूम पाळला, पण असा पाळला की हुकूम काढणारा बघत राहावा. भडक रंगांचे रुमाल, उंच गाठी, नाना तऱ्हेच्या घड्या. कमीपणाची खूण म्हणून लादलेली गोष्ट त्यांनी शान करून टाकली. त्या मुलखात अशा रुमालांसाठी जे चौकटीचं सुती कापड आवडीचं झालं, त्याचं नाव 'मद्रास'. ते आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावर विणलेलं असे.

इथे मी वाचता वाचता थांबले. एका सरकारनं १७८६ साली बायकांना डोकं झाका म्हणून सांगितलं. आपल्या शेजारच्या कर्नाटकात २०२२ साली कॉलेजच्या मुलींना डोकं उघडं करा म्हणून सांगितलं गेलं. हुकूम उलटे, पण दोन्ही वेळी त्या डोक्याच्या मालकिणीला कुणी विचारलं नाही.

गुलामगिरी १८६५ साली कायद्यानं संपली, पण 'चांगले केस' आणि 'वाईट केस' हे शब्द राहिले. चांगले म्हणजे सरळ, लांब, गोऱ्यांसारखे. घट्ट कुरळे, लोकरीसारखे दिसणारे केस वाईट. याच काळात, १८६७ साली, लुइझियानातल्या डेल्टा गावी सारा ब्रीडलव्ह जन्मली. आईबाप गुलामीतून सुटलेले. सातव्या वर्षी ती पोरकी झाली, पुढे लोकांचे कपडे धुऊन पोट भरू लागली. तिचे केस गळत होते. आधी तिनं ॲनी टर्नबो या काळ्या उद्योजिकेची उत्पादनं दारोदार विकली, मग स्वतःची काढली आणि नवऱ्याच्या नावावरून मॅडम सी. जे. वॉकर झाली. १९१९ साली वारली तेव्हा देशातल्या सगळ्यात श्रीमंत काळ्या बायकांत तिची गणना होती. केस सरळ करणारी तापवायची लोखंडी फणी तिनं शोधली असं पुष्कळ ठिकाणी लिहितात, ते बरोबर नाही. तशी फणी आधीपासून होती. तिचं मुख्य उत्पादन टाळूला लावायचं मलम होतं. पण फणी तिच्या पद्धतीचा भाग झाली, आणि त्याच धंद्यानं हजारो काळ्या बायकांना मोलकरणीच्या कामातून बाहेर काढून स्वतःच्या कमाईवर उभं केलं. एकाच डबीत गुलामीचा वास आणि आझादीचा पैसा, दोन्ही होते. इतिहास शिकवताना आपण असा गुंता कापून टाकतो. कापू नये.

फणीनं सरळ केलेले केस घामानं, पावसानं पुन्हा वळत. मग रसायन आलं. त्याचं काम समजून घ्यायला हवं. केस केराटिन या प्रथिनाचा असतो. त्याच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या असतात आणि केसाचं वळण ते टिकवून धरतात. तीव्र अल्कली लावली की हे बंध तुटतात आणि पुन्हा पूर्वीसारखे जुळत नाहीत. ही अल्कली म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, आपल्या भाषेत कॉस्टिक सोडा, तुंबलेली मोरी मोकळी करायला टाकतात तोच. मिनिटभर जास्त राहिला की टाळू भाजते.

माल्कम एक्सनं हे अंगावर घेतलं होतं. तेव्हा तो माल्कम लिटल होता, बॉस्टनच्या रॉक्सबरी भागातला विशीच्याही आतला पोरगा. १९६५ साली त्याच्या मृत्यूनंतर आलेल्या आत्मचरित्रात तो सगळं सांगतो. कॉस्टिक सोडा, अंडी आणि बटाटे कालवून त्याच्या मित्रानं घरीच मिश्रण बनवलं. डोक्याला आग लागली, डोळ्यांतून पाणी, नाक गळतंय. धुतल्यावर आरशात बघितलं तर केस गोऱ्यांसारखे सरळ, आणि तो खूश. या सरळ केसांना 'कॉन्क' म्हणत. पुढे तो लिहितो की आपण स्वतःला कमी लेखण्याच्या वाटेवर टाकलेलं ते पहिलं मोठं पाऊल होतं. गोऱ्यासारखं दिसावं म्हणून स्वतःची चामडी जाळली, आणि त्याचा आनंद झाला. १९६२ साली लॉस एंजेलिसच्या भाषणात त्यानं काळ्या श्रोत्यांना थेट विचारलं की आपल्या केसांचा तिरस्कार करायला तुम्हाला कुणी शिकवलं.

त्याच्या १९६४ च्या हजबद्दल आपल्याकडे खूप बोललं जातं. सगळ्या रंगांची माणसं एका ताटात जेवताना पाहून तो बदलला, हे आपण जुम्म्याच्या बयानात अभिमानानं सांगतो. त्याच्या केसांची गोष्ट मात्र मी एकाही बयानात ऐकली नाही. ती ऐकली तर आपल्याला आपल्याच घरातल्या फुफ्फ्या आठवतील, म्हणून असेल.

१९५४ साली शिकागोत जॉर्ज जॉन्सन यांनी स्थापलेल्या कंपनीनं हे रसायन तयार डब्यात आणलं. 'रिलॅक्सर' हे नाव रूढ झालं. बायका दर सहा-आठ आठवड्यांनी मुळाशी उगवलेल्या नव्या केसांना ते लावत. पोरींना लहानपणीच त्याची सवय होई.

उलट वाराही सुटला होता. जानेवारी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये फोटोग्राफर क्वामे ब्रॅथवेट आणि त्याच्या साथीदारांनी एक फॅशन शो भरवला. त्यातल्या काळ्यासावळ्या मुलींनी नैसर्गिक केस मिरवले. 'ब्लॅक इज ब्यूटिफुल' ही घोषणा पसरवण्यात त्याच्या फोटोंचा मोठा वाटा आहे. १९६३ साली अभिनेत्री सिसिली टायसन टीव्ही मालिकेत आखूड नैसर्गिक केसांनी दिसली. १९७० साली एफबीआयच्या 'हवी आहे' पोस्टरवर अँजेला डेव्हिसचा मोठा आफ्रो देशभर लागला. आफ्रो ठेवणं म्हणजे राजकारण झालं. मग फॅशन झालं. मग फॅशन गेली, आणि रिलॅक्सरचा डबा पुन्हा घराघरांत आला.

कारण नोकरी. १९८१ चा एक निकाल वाचा. अमेरिकन एअरलाइन्समधल्या रेनी रॉजर्स या काळ्या कर्मचारी बाईला डोक्यालगतच्या बारीक वेण्या घालायला मनाई होती. ती कोर्टात गेली. कोर्ट म्हणालं, वेण्या जन्मजात नसतात, घातलेल्या असतात, म्हणून हा वंशभेद नाही. शिवाय दोन वर्षांपूर्वी आलेल्या सिनेमात एका गोऱ्या नटीनं तशा वेण्या घातल्याचा दाखलाही निकालात आला. आजी-पणजीकडून आलेली वेणी गोऱ्या बाईनं एकदा घातली, आणि तिचा वारसा पुसला गेला.

या शतकात पुष्कळ काळ्या बायकांनी रिलॅक्सर सोडायला सुरुवात केली. याला त्या 'ट्रान्झिशन' म्हणतात. हे सोपं नाही. रसायन लावलेला केस कधी कुरळा होत नाही, नवा केसच मुळापासून यावा लागतो, आणि तो महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. खांद्यापर्यंतच्या केसांना दोन-तीन वर्षं लागतात. तोवर डोक्यावर दोन जातीचे केस. ते जिथे जुळतात ती जागा सगळ्यात कच्ची. कंगवा फिरवला की तिथेच तुटतात. म्हणून कुणी वेण्या घालून, टोकं थोडी थोडी कापत वाट बघतं, तर कुणी एका दिवशी सगळं सरळ कापून टाकतं. त्याला 'बिग चॉप' म्हणतात. कापल्यावर कित्येकींना पहिल्यांदा कळतं की आपला केस मुळात आहे कसा. चाळिशीतल्या बाईला स्वतःचा केस माहीत नसतो, कारण तो सहाव्या-सातव्या वर्षीच झाकला गेलेला. माझ्या डोक्यावर दोन बायका होत्या, असं मी वर लिहिलं. ते मला इथे कळलं.

तब्येतीचं कारणही पुढे आलं. २०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं ३३,४९७ बायकांच्या जवळजवळ ११ वर्षांच्या पाहणीतून निष्कर्ष मांडला. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरणाऱ्या बायकांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, हे संशोधक सांगतात. पण आकडा दुप्पटीहून जास्त आहे.

कायदाही हलला. २०१९ साली कॅलिफोर्नियानं 'क्राउन ॲक्ट' करून नैसर्गिक केसांवरून होणारा भेदभाव बेकायदा ठरवला. पुढे वीसहून अधिक राज्यांनी तसे कायदे केले. देशपातळीवरचं विधेयक २०२२ मध्ये एका सभागृहात मंजूर झालं, दुसऱ्यात अडकलं. आणि टेक्सासमध्ये कायदा लागू झाल्यावरही एका शाळकरी मुलाला जटांसारख्या वळलेल्या केसांवरून महिनोन्‌महिने वर्गाबाहेर ठेवलं गेलं. कोर्टानं शाळेचीच बाजू घेतली. म्हणजे शाळा हे ठिकाण सगळीकडे सारखंच. हे मी शिक्षिका म्हणून लिहिते आहे.

कारण मीही धुतल्या तांदळासारखी नाही. त्या मुलीला मी सहावीत असताना म्हणाले होते, "केस नीट बांधून येत जा, काय झाडू झालाय." वर्ग हसला होता. मी विसरले होते. तिनं नंतर आठवण करून दिली, रागानं नाही, सहज. पोरांना तो शब्द कुणी शिकवला असेल हे मी शोधत होते, तेव्हा माझंही नाव त्या यादीत होतं.

तिच्या अम्मीला मी शेवटी सांगितलं, "पैसे तुमचे, मुलगी तुमची. पण मला एक आठवडा द्या." त्या आठवड्यात मी वर्गात मलिक अंबर शिकवला. अभ्यासक्रमात आहे त्याहून जास्त. गुलामांच्या बाजारापासून दौलताबादपर्यंत, आणि 'हबशी' हा शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून. मग माझ्या निकाहचा फोटो दाखवला, सरळ केसांचा. मुलं म्हणाली, "मॅडम, ह्या तुम्ही नाहीच वाटत." मी म्हटलं, "मलाही वाटत नाही." आणि सहावीतल्या त्या वाक्याबद्दल तिची सगळ्यांसमोर माफी मागितली.

ती अजून ओढणी घेते. आता का घेते, हे मी विचारलेलं नाही. तो तिचा आणि तिच्या रबचा मामला आहे. पार्लरला मात्र ती गेली नाही. परवा खेळाच्या तासाला ओढणी सरकली तेव्हा ती सावरायला तिनं घाई केली नाही.