आणेवारी आणि चिठ्ठ्या

आणेवारी म्हणजे काय, हें सातारा-सांगलीकडील शेतकऱ्यास समजावून सांगावें लागत नसे. अधिकाऱ्यानें उभ्या पिकावर नजर टाकून सोळा आण्यांपैकीं आणे ठरवावेत. साऱ्याची तहकुबी आणि उत्पन्नाचा सरकारी अंदाजही त्यावरूनच व्हावा. दोन आण्यांच्या नजरचुकीनें गरिबाचें वर्ष बुडे.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यांतीलच. बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत त्यांनीं संख्याशास्त्राचें अध्ययन केलें. तेथील प्रयोग मोठे मौजेचे! १९०८ सालीं ‘स्टुडंट’ या टोपणनांवानें लिहिणाऱ्या गॉसेट यांनीं ३००० गुन्हेगारांच्या उंचीचीं व बोटांचीं मापें चिठ्ठ्यांवर लिहिलीं, गंजिफांप्रमाणें त्या पिसल्या आणि चार-चारांचे ७५० गट काढून आपलें गणित पडताळलें. १९२७ सालीं टिपेट यांनीं खानेसुमारीच्या अहवालांतून ४१,६०० अंक उचलून यदृच्छ अंकांचें कोष्टकच छापलें. १९३४ सालीं कलकत्त्यास महालनोबीस व त्यांचे सहकारी यांनीं प्रसामान्य वितरणाबरहुकूम, म्हणजे मध्याजवळ पुष्कळ व टोकांस विरळ, अशा संख्यांचीं कोष्टकें सिद्ध केलीं. आतां हेंच काम संगणक निमिषांत करतो.

१९४० पासून सुखात्मे यांनीं कृषि-संशोधन परिषदेंत ही रीत शेतांत नेली. गांव, शेत आणि शेतांतील तुकडा, तिन्ही यदृच्छ अंकांनीं ठरावयाचे. अंक रोगट कोपऱ्यावर पडो वा पाटाकांठच्या भरदार कणसांवर; पाहणाऱ्यानें पाऊलभरही सरकावयाचें नाहीं. खुंट्या मारून पीक कापावयाचें, मळावयाचें आणि तराजूंत घालावयाचें.