साडेपाच एकरांचं बेट आणि महिना एक डॉलरचा राखणदार

फोनवर नकाशा उघडा आणि फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर सेबॅस्टियन हे गाव शोधा. समोरच्या इंडियन रिव्हर खाडीत एक हिरवा ठिपका दिसेल. भरपूर झूम करा हं, मी पहिल्यांदा शोधताना दोनदा पुढे निघून गेलो होतो! हे पेलिकन आयलंड. अमेरिकेतलं पहिलं राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य.

गोष्ट सुरू होते टोप्यांपासून. १८८६ मध्ये फ्रँक चॅपमन हा पक्षीप्रेमी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर दोन दुपारी फिरला आणि बायकांच्या टोप्या मोजल्या. ७०० टोप्या, त्यातल्या ५४२ वर पिसं. बगळ्यांची पिसं पुढे सोन्यापेक्षा महाग झाली. आणि ही पिसं येतात विणीच्या हंगामात. म्हणजे शिकारी घरट्यापाशीच गोळी घालणार आणि मागे पिल्लं उपाशी मरणार.

या बेटासमोर पॉल क्रोगेल राहायचा. जर्मनीत जन्मलेला, १८८१ मध्ये इथे आलेला, बोटी बांधणारा माणूस. त्याचं घर शिंपल्यांच्या एका जुन्या टेकाडावर होतं, तिथून बेट थेट दिसायचं. शिकाऱ्यांची बोट दिसली की हा बंदूक घेऊन आपली होडी काढायचा. सुरुवातीला तर त्याच्या पाठीशी कायदासुद्धा नव्हता.

पुढे चॅपमन आणि त्याचे सहकारी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टपर्यंत पोचले. १४ मार्च १९०३ ला आदेश निघाला. आदेश किती मोठा? एक वाक्य! हे बेट स्थानिक पक्ष्यांच्या विणीसाठी राखीव, बस्स.

मी रोज कोड लिहितो, त्यामुळे मला इथे लगेच शंका आली. डेटाबेसमध्ये 'राखीव' असा फ्लॅग लावला, पण तो तपासणारा कोडच नसेल तर उपयोग काय? इथे तो कोड म्हणजे क्रोगेल. सरकारने पैसे मंजूर केले नव्हते, म्हणून पक्षीतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला पगार दिला. महिना एक डॉलर.

पण एक माणूस किती पुरणार? १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या टंचाईत, पेलिकन आमचे मासे खातात अशी मच्छीमारांची ओरड सुरू झाली. एकदा कुणीतरी बेटावर उतरून ४०० हून जास्त पिल्लं काठ्यांनी मारली. तपासणीत काय निघालं? पेलिकन खात होते ते बहुतेक मासे बाजारात विकलेच जात नव्हते. आरोप खोटा ठरला, पण पिल्लं गेली ती गेलीच.

त्यानंतरचा शत्रू बंदूकवाला नव्हता. लाटांनी आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींनी किनारा खाल्ला, आणि साडेपाच एकरांचं बेट दोन एकरांच्या थोडं वर उरलं. मग कडेने कालवांच्या शिंपल्या टाकून आणि खारफुटी लावून ते सावरावं लागलं. म्हणजे राखणदारी संपतच नाही, फक्त तिचं काम बदलतं.

आज अमेरिकेत अशी ५६० हून अधिक अभयारण्यं आहेत. पेलिकन आयलंडजवळच्या लाकडी पायवाटेवर एकेका फळीवर एकेकाचं नाव कोरलंय. कधी गेलात तर चालता चालता ती वाचा. आणि तुमच्या गावच्या पाणथळीवर 'राखीव क्षेत्र' अशी पाटी दिसली, तर एवढंच विचारा: इथला क्रोगेल कोण?

भेटू पुढच्या भागात!